पलीकडच्या बाईंचा रविवार

पलीकडच्या बाई टेलिफोनवर कधी बसून बोलल्या नाहीत. दर रविवारी दुपारी, न्युरेम्बर्गमधली सभ्य माणसे जेवून आडवी होत असत त्या वेळी, त्या केस धुऊन दोन वेण्या घालीत, वेण्यांत लाल फिती गुंफीत, छातीवर भरतकाम असलेला पांढरा सैल झगा चढवीत आणि टेबलावर ठेवलेल्या फोनसमोर पाय जुळवून उभ्या राहत. मग भरसभेत बोलावे तशा खड्या आवाजात बोलू लागत. गुडघे कितीही दुखत असले तरी खुर्चीवर बसत नसत. फार तर खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकीत.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात त्यांच्यावर एक लेख आला आहे. तो मंडळाच्या चिटणिसांनी लिहिला आहे. चिटणीस पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, वयाने माझ्या मुलाएवढे आणि सज्जन गृहस्थ आहेत. लेखात म्हटले आहे की, या बाई झापोटेक नावाच्या मरणपंथाला लागलेल्या भाषेच्या अखेरच्या वारसदार होत्या. एकटेपणामुळे त्या घरात स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत. पुढे त्यांची स्मृती गेली आणि त्यांच्याबरोबर ती भाषाही न्युरेम्बर्गच्या मातीत विसावली. हे वाचून पुष्कळांचे डोळे पाणावले असे मला कळले. माझे पाणावले नाहीत. मी त्या बाईंचा शेजारी होतो, भिंतीला भिंत लावून, आणि यातले एकही विधान खरे नाही. सद्भावनेने लिहिलेले खोटेही खोडायला कोणी तरी जिवंत असावे लागते. सुदैवाने मी आहे.

'पलीकडच्या बाई' हे नाव माझ्या पत्नीने, सुमनने, ठेवलेले. त्यांचे खरे नाव मी येथे देत नाही. त्यांना ते छापलेले आवडले नसते. मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तेथल्या एका खेड्यातला त्यांचा जन्म. कागदाच्या गिरणीत यंत्रे बसवायला गेलेल्या एका जर्मन तंत्रज्ञाशी त्यांनी लग्न केले आणि त्या इकडे आल्या. आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा त्यांचे यजमान वारले होते. रोझा ही एकुलती एक मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. मी तेव्हा टर्बाइनच्या कारखान्यात नोकरीला होतो, म्हणजे यंत्रे बसवणाऱ्यांच्याच जातीचा. ही ओळख मात्र पुढची.

पहिली ओळख जिन्यात झाली. मी कारखान्यातून दमून वर येत होतो. दिवसभर जर्मनमध्ये वाद घालून जीभ जड झाली होती. वरून एक ठेंगणी, सावळी, रुंद चेहऱ्याची बाई उतरत होती. ती मला पाहून थांबली, माझ्या तोंडाकडे नीट पाहिले आणि एका अनोळखी भाषेत काही तरी बोलली. बोलून उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मला जर्मन शब्द शोधण्याचा कंटाळा आला होता. मी सरळ मराठीत म्हणालो, "नमस्कार. बरं आहे ना?" त्यावर तिने समाधानाने मान डोलावली आणि ती खाली गेली. असे बरेच दिवस चालले. ती तिचे बोले, मी माझे. पुढे एकदा सुमन नऊवारी नेसून माझ्याबरोबर गणपतीला निघाली, तेव्हा बाई जिन्यात आमच्याकडे पाहतच राहिल्या. मग प्रथमच त्यांनी जर्मनमध्ये विचारले, "तुम्ही आमच्याकडचे नाही?"

सगळा उलगडा झाला तेव्हा सुमन हसून हसून कठड्याला टेकली. बाईंनी माझा चेहरा पाहून मला आपल्या मुलखातला समजले होते, आणि माझे मराठी हे दुसऱ्या खोऱ्यातले झापोटेक आहे अशी त्यांची खात्री होती. "आमच्याकडे डोंगर बदलला की शब्द बदलतो," त्या मला म्हणाल्या. "शेजारच्या गावचं अर्धं कळतं, त्यापलीकडचं काहीच नाही. मला वाटलं, हेर इंजिनिअर फारच लांबच्या डोंगरातले आहेत." 'हेर' म्हणजे जर्मनमधले 'श्रीयुत'. चिटणिसांनी लेखात लिहिले आहे की, मी त्यांना मराठी शिकवले. मी त्यांना मराठीचा एक शब्दही शिकवला नाही, आणि त्यांनी मला त्यांचा शिकवला नाही. जिन्यात आम्ही अखेरपर्यंत आपापले बोलत राहिलो. इतर सगळे बोलणे जर्मनमध्ये चाले. ते मी येथे मराठीत मांडतो आहे, इतकेच.

वाटेत भेटलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय पुढे जाणे त्यांना जमतच नसे. त्यांच्या गावी कोणी न बोलता गेला तर संध्याकाळी त्याच्या घरी विचारपूस होते, आजारी पडला का म्हणून. न्युरेम्बर्गमध्ये ही सवय पाळायची म्हणजे दिवसातून अनेकदा अपमान सोसायचा. इमारतीतली माणसे 'हालो' म्हणून दाराआड होत. बाई तरीही प्रत्येकासमोर थांबत आणि बंद झालेल्या दाराकडे क्षणभर पाहत. एकदा मी म्हणालो, "कशाला थांबता? यांना सवय नाही." त्या म्हणाल्या, "त्यांना नाही. मला आहे. माझी मोडली तर नवी कोण लावील?"

'झापोटेक' हा शब्दही त्यांना फारसा मानवत नसे. तो बाहेरच्यांनी दिलेला, असे त्या सांगत. त्या नुसते 'आमचा शब्द' म्हणत. लहानपणी शाळेत 'आमचा शब्द' तोंडून निघाला की मास्तर छडी मारीत, ही हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना तळहात उघडून पाहिला.

आता रविवारकडे येतो, कारण चिटणिसांनी सर्वांत मोठा घोटाळा तेथेच केला आहे.

एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या हेर फोगेल यांनी मला दारातच गाठले.

"हेर योगलेकर, ती बाई दर रविवारी दुपारी भांडते. रविवार हा शांततेचा वार आहे."

माझे आडनाव जोगळेकर. त्यांना ते चाळीस वेळा सांगून झाले होते.

"कोणाशी भांडते?"

"तेच तर! घरात कोणीच नसतं."

"मग भांडण कसं होईल?"

"आल्झो, हे पाहा, मी तत्त्वाचं बोलतोय."

"मीही तत्त्वाचंच बोलतो. रविवारी चर्चच्या घंटा किती वेळ वाजतात?"

"घंटांना परवानगी आहे."

"कोणाची? देवाची की हाउसफेरवाल्टुंगची?"

हाउसफेरवाल्टुंग म्हणजे आमच्या इमारतीचा कारभार पाहणारी कचेरी. तिचे नाव निघताच हेर फोगेल गंभीर झाले. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, "त्यांनाच मी कळवणार आहे." आणि गेले.

मी थेट पलीकडचे दार वाजवले. बाईंनी दालचिनी घातलेली कॉफी पुढे ठेवली आणि शांतपणे सांगितले, "मी गावाचं काम करते."

त्यांच्या गावात तेकियो नावाची चाल आहे. रस्ता, पाण्याचा पाट, शाळेची भिंत, जे गावाचे असेल ते गावातल्या प्रत्येक घराने आपल्या हाताने करायचे. आपल्याला श्रमदान आठवेल; पण श्रमदान मनात आले तर करतात, तेकियो करावेच लागते. जे घर करीत नाही ते गावाचे राहत नाही, मग ते चौकात का असेना. जे करते ते गावाचे असते, मग ते जर्मनीत का असेना. दूर गेलेले बहुतेक लोक कामाऐवजी पैसे पाठवून मोकळे होतात. बाईंनी मात्र गावच्या सभेला कळवले होते की, मला काम द्या. त्याच सुमारास सभेपुढे वेगळीच चिंता होती. गावातली मुले घरी आजीने 'आमच्या शब्दात' विचारले तरी स्पॅनिशमध्ये उत्तर देऊ लागली होती. सभेने ठरवले, या बाईंनी दर रविवारी मुलांशी बोलावे. येथे दुपार असते तेव्हा तिकडे सकाळ. चावडीवर मुले जमत, कोणी तरी फोन ध्वनिवर्धकापुढे धरी आणि बाईंचा आवाज कौलांवरून, मक्याच्या शेतांवरून साऱ्या गावात जाई. म्हणून त्या न्हाऊन, नटून उभ्या राहत. गावापुढे कोणी बसून बोलत नाही. याला चिटणीस 'स्वतःशी बोलणे' म्हणतात.

मी घरी येऊन हे सांगितले तेव्हा सुमन म्हणाली, "अहो, मग त्यांना आपल्याकडे बोलवा की. आपल्या दिवाणखान्याखाली नुसता गाड्यांचा बोळ आहे. बोलू देत हव्या तेवढ्या मोठ्याने." अभियंता मी होतो, पण इमारतीचा नकाशा तिने अधिक चांगला वाचला होता. पुढच्या रविवारपासून बाई फोन घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. हेर फोगेल यांची तक्रार जागच्या जागी विरली.

त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या दिवाणखान्यात एक गाव भरत असे. बाई गोष्टी सांगत नसत, हे मी मुद्दाम नमूद करतो. चिटणिसांनी 'लोककथांचा खजिना' असे लिहिले आहे. त्या कामाचे बोलत. कोणत्या झऱ्याला काय म्हणतात, कोणाच्या शेताची हद्द कोणत्या झाडाशी लागते, मका सोलताना कणसाला कोठे अंगठा लावायचा, आणि कोण मुलगा वाटेत म्हातारीशी न बोलता पुढे गेला, त्याने पुढे यावे. मग फोनमधून कोंबड्यांचा, कुत्र्यांचा आणि घाबरलेल्या मुलाचा आवाज येई. मूल स्पॅनिशमध्ये बोलू लागले की बाई ओरडत, फोन बिघडला आहे, काही ऐकू येत नाही. मूल पुन्हा स्पॅनिशमध्ये सांगे. फोन बिघडलेलाच. अखेर रडकुंडीला येऊन ते 'आमच्या शब्दात' दोन अक्षरे बोले, आणि फोन तत्काळ दुरुस्त होई. हे सर्व त्या मला मागाहून समजावून सांगत. सुमनला सांगावे लागत नसे. विणकाम करता करता ती मुलांचे आवाज ओळखायला शिकली होती. "आज तो नाकात बोलणारा आला नाही," असे ती हळहळून म्हणे.

मी गप्प बसणारा माणूस नाही. एकदा मी बाईंना म्हणालो, "तुमच्या शब्दाची ही दशा पाहून वाईट वाटतं. आमच्या मराठीचं बरं आहे. कोट्यवधी लोक बोलतात. तिला मरण नाही."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "आणि तुमच्या घरात किती?"

"दोन," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

त्या हसल्या नाहीत. आमचा मुलगा निखिल दूर एश्बॉर्न नावाच्या गावी सल्लागार कंपनीत आहे. तो कधीमधी सहकुटुंब येई, तेव्हा बाईंनी सगळे पाहिलेले होते. सुमन नातीला म्हणे, "मीरा, पोळी घे ना गं, तूप लावलंय." मीरा जर्मनमध्ये उत्तर देई, नको, पोट भरले. तिला मराठी सगळे कळे. बोलायचे एवढेच राहून जाई. निखिल आमच्याशी अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी बोले आणि मी दुरुस्त केले की म्हणे, "बाबा, समजलं ना? मग झालं तर." एकदा ते गेल्यावर बाई मला हळूच म्हणाल्या, "हेर इंजिनिअर, तुमचाही फोन बिघडवा."

मी प्रयोग केला. निखिलचा फोन आला की इंग्रजी किंवा जर्मन वाक्याला मी म्हणे, "काय? ऐकू येत नाही." तिसऱ्या वेळी त्याने फोन ठेवला आणि मला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. डॉक्टरांनी कान उत्तम असल्याचे सांगितले. ही हकिगत ऐकून बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "तुमचा मुलगा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण गाव नाही तुमच्यामागे. एकट्याने बहिरं होता येत नाही."

हसता हसता त्या रोझाविषयी बोलल्या. रोझा जन्मली तेव्हा डॉक्टर, शेजारी, सासू, सगळे म्हणाले, मुलीला एकच भाषा द्या, नाही तर ती मागे पडेल. बाईंनी ऐकले. रोझाला पाळण्यातले बोल कळत, मोठी झाल्यावरही कळत, पण उत्तर जर्मनमध्येच. "गावाचं काम माणसाचं नसतं, घराचं असतं," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर माझ्या घरातून कोणी उभं राहिलं नाही, तर गावाच्या दृष्टीनं आमचं घर मिटलं. गावातली मुलं मी बोलती केली. माझी एक राहिली."

सुमन गेली तो हिवाळा मी लांबवणार नाही. पुढच्या रविवारी बाई आल्या, नेहमीसारख्या नटून. फोनपाशी उभ्या राहून त्यांनी गावाला सांगितले की, ज्या बाईने बोलायला जागा दिली ती वारली. मग एकेक मूल फोनजवळ येऊन तेच एक वाक्य म्हणून जाऊ लागले. किती तरी मुले होती. मी अर्थ विचारला नाही, आणि त्यांनीही सांगितला नाही. नाकात बोलणारा त्यांत होता.

मातृभाषा दिनाच्या कार्यक्रमाला मंडळाने त्यांना बोलावले, ते त्यानंतरचे. या प्रसंगाचे विनोदी रूप मंडळात अजून सांगितले जाते: ती मेक्सिकन आजी दारापासून खुर्चीपर्यंत पोहोचेना आणि कार्यक्रम खोळंबला. घडले ते असे. त्यांच्या गावी सभेत शिरणारा माणूस वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या हाताला हात लावतो आणि मगच बसतो. बाईंनी तेच केले. सभागृह भरलेले होते, हा त्यांचा दोष नव्हे. चिटणीस घड्याळ पाहत होते. लोक आधी गोंधळले, मग हसले. नंतर मात्र मागच्या रांगेतले काही जण आपली पाळी येण्यापूर्वीच उठून उभे राहिले, हे विनोद सांगणारे सांगत नाहीत.

अखेर चिटणिसांनी त्यांच्या हाती माइक दिला. "बाई, तुमच्या भाषेत काही तरी बोला ना. दोनच ओळी. आम्हाला नुसतं ऐकायचंय."

बाईंनी विचारले, "कोणाशी बोलू?"

"आमच्याशी."

"तुम्ही उत्तर काय द्याल?"

बाईंनी माइक परत दिला आणि त्या बसल्या. दिवाळी अंकात छापले आहे की, व्यासपीठावर त्यांना आपली भाषा आठवली नाही व त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. अश्रू नव्हते. त्यांना सर्दी झाली होती. रुमाल माझा होता.

मग त्यांचे हृदय थकले. जिने चढवेनात. रोझाने पुष्कळ धावपळ करून त्यांना फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहात, जागा मिळवली. जाण्याच्या आदल्या दुपारी त्या माझ्याकडे आल्या, आणि प्रथमच खुर्चीवर बसल्या.

"हेर इंजिनिअर, माझ्यात श्वास थोडा राहिलाय. तो आता जर्मनवर खर्च करायचा नाही असं ठरवलंय."

"माझ्याशीसुद्धा?"

"तुमच्याशीसुद्धा. तुमच्याशी जर्मन चालू ठेवलं तर रोझा तुमच्यामार्फतच बोलेल."

मला राग आला, हे लपवीत नाही. त्या इमारतीत माझ्याशी बोलणारे एवढेच एक माणूस उरले होते. पण त्यांनी ठरवले आणि पाळले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून जर्मन शब्द निघाला नाही. परिचारिका विचारीत, उत्तर 'आमच्या शब्दात'. डॉक्टरांना तेच, मला तेच. मी बसने जाई, त्यांच्या खिडकीपाशी बसे, त्या त्यांचे बोलत, मी मराठीत कारखान्यातल्या जुन्या भांडणांविषयी बोले. काही दिवसांनी रोझाने मला बाहेरच्या व्हरांड्यात थांबवले. ती पन्नाशीची, नीटनेटकी, हिशेबखात्यात काम करणारी बाई. त्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

"हेर योगलेकर, आईची जर्मन गेली. डॉक्टर म्हणतात, स्मृतिभ्रंशात असं होतं. माणूस पहिल्या भाषेकडे परत जातो."

"गेली नाही. तिने ठेवून दिली आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला सांगून ठेवली आहे."

"मग ती मला शिक्षा करतेय!"

"शिक्षा नाही, रोझा. तुझी आई तुझ्यासमोर उत्तर मिळण्याची वाट पाहत उभी आहे. तिने आयुष्यभर जिन्यात हेच केलं."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आजही तिचे म्हणणे वेगळे आहे. चिटणिसांनी तिच्याकडूनच ऐकून लिहिले. माझ्यापाशी पुरावा आहे. एके दिवशी मुख्य डॉक्टर फेरीला आले. रोझा होती, मीही होतो. डॉक्टर बाईंच्या डोक्यावरून रोझाला म्हणाले, "दुर्दैवानं यांना आता आपलं बोलणं कळत नाही." त्यावर पलंगावरून स्पष्ट आवाज आला: "डोख!" समोरच्याने 'नाही' म्हटले आणि आपल्याला 'आहे, चांगले आहे' असे ठणकावायचे असले म्हणजे जर्मन माणूस हा शब्द वापरतो. रोझा म्हणते, तो खोकला होता. मी या देशात उभे आयुष्य वाद घालण्यात घालवले आहे. खोकला कोणता आणि 'डोख' कोणता, हे मला कळते. शिवाय बाई माझ्याकडे पाहून ओशाळल्या होत्या, नियम मोडल्यासारख्या.

त्या हिवाळ्यात रोझा हरली, किंवा जिंकली. रोज संध्याकाळी जर्मनमध्ये विचारायचे आणि पाठ फिरवलेली पाहायची, हे तिला सोसेना. एकदा तिने चिडून, जवळजवळ किंचाळून, लहानपणचा कुठला तरी एक शब्द उच्चारला. बाईंनी तोंड इकडे वळवले आणि भले मोठे उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी दोन शब्द झाले. पुढे पुढे मी दारातूनच परतू लागलो, कारण आत दोघींचे काही तरी चाललेले असे: रोझा अडखळे, आई तेच पुन्हा म्हणे, रोझा पुन्हा अडखळे. मला तेथे काम नव्हते. मार्च संपताना बाई गेल्या.

त्यांना येथेच पुरले. विधी जर्मनमध्ये झाला, थोडे स्पॅनिश होते. मंडळाचे चार जण आले होते, हे मी मान्य करतो. थडग्यापाशी 'आमच्या शब्दात' कोणीच बोलले नाही. रोझासुद्धा नाही. चिटणिसांनी पाहिले ते एवढेच, आणि त्यावरून त्यांनी एक भाषा पुरून टाकली. ते त्या दिवसानंतर कधी इकडे फिरकले असते, तर त्यांना पुढचे लिहावे लागले असते.

पुढचे असे. रोझा आईच्या घरात राहायला आली. काही आठवड्यांनी गावच्या सभेचा फोन आला: तुमच्या घराची पाळी चालू आहे, कोण उभे राहणार? ती तशीच माझ्या दारात आली.

"मला नीट येत नाही, हेर योगलेकर. मी सगळं चुकीचं बोलते. मुलं काय म्हणतील?"

"मला विचारू नकोस," मी म्हणालो. "मला एक शब्दही येत नाही. मी तुला दिवाणखाना देऊ शकतो."

रविवारी ती आली. कचेरीतला निळा कोट घातलेला, केस घट्ट बांधलेले. फोनसमोर उभी राहिली, आणि तिने पहिले वाक्य उच्चारले. पलीकडे जो हशा उसळला तो मी आयुष्यात विसरणार नाही. सारे गाव हसत असावे. रोझाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने वाक्य पुन्हा म्हटले. पुन्हा हशा. मग एक मूल फोनजवळ येऊन तेच वाक्य नीट, सावकाश बोलले. रोझाने म्हणून पाहिले. दुसऱ्या मुलाने पहिल्याला खोडले, तिसऱ्याने दुसऱ्याला. फोनपाशी ढकलाढकली सुरू झाली, आणि कोणी स्पॅनिशमध्ये बोलेना, कारण त्यांना एका मोठ्या बाईला शिकवायचे होते. बाईंना ज्यासाठी फोन बिघडवावा लागे, ते रोझाच्या चुकांनी आपोआप घडू लागले. बाईंना हे सुचले नसते. त्यांचे बोलणे फार अचूक होते.

तेव्हापासून दर रविवारी हेच चालते. मी आत स्वयंपाकघरात बसतो, म्हणजे तिला संकोच नको. ती चुकते, ती पोरे हसतात, तिला सुधारतात, आपसांत भांडतात. तासाभराने ती फोन बंद करते, चहाचा कप विसळून ठेवते, जर्मनमध्ये आभार मानून पलीकडे जाते. मग माझा दिवाणखाना पुन्हा माझा होतो. कधी निखिलचा फोन येतो, कधी येत नाही. बाकीचा आठवडा मी बहुधा स्वतःशी बोलतो. चिटणिसांना ते वाक्य वापरायचेच असेल, तर माझ्यासाठी राखून ठेवावे. अलीकडे बोलता बोलता एखादा शब्द आठवत नाही, त्या जागी जर्मन येऊन बसतो, आणि मी तसाच पुढे बोलत जातो. माझे मराठी चुकले, तर हसायला या घरात कोणी नाही.